घरच्या मोबाइलला व्हीपीएनची गरज आहे का?

यूट्यूबवर काहीही बघायला बसा, "तुमचा फोन धोक्यात आहे, लगेच व्हीपीएन घ्या" अशी जाहिरात कधी ना कधी समोर येतेच. मुलं अ‍ॅप टाकून मोकळी होतात आणि अम्मी-अब्बांना वाटतं, चला, फोनला कुलूप लागलं. पण हे कुलूप नेमकं कशाला लागतं?

व्हीपीएन म्हणजे व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क. एरवी आपण कोणत्या साइटवर गेलो हे सिमकार्डच्या कंपनीला कळू शकतं. व्हीपीएन चालू केलं की आपली सगळी ये-जा आधी बंद पाकिटातून व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरवर जाते, मग पुढे. म्हणजे सिमवाल्याला दिसायचं थांबतं, पण व्हीपीएनवाल्याला दिसायला लागतं. भरवसा एकावरून काढून दुसऱ्यावर ठेवला, इतकंच.

शिवाय पाकीट बहुतेक ठिकाणी आधीच बंद असतं. साइटच्या पत्त्याआधी एचटीटीपीएस असेल तर पासवर्ड मधल्या कुणाला वाचता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेजही असेच बंद जातात. त्यामुळे उमऱ्याला निघताना विमानतळाचं मोफत वाय-फाय वापरलं म्हणून लगेच खातं रिकामं होईल, ही भीती बरीचशी जाहिरातवाल्यांनी वाढवलेली आहे.

आपल्या घरांत पैसे जातात ते वेगळ्याच वाटेने. कुणी ओटीपी विचारतो, कुणी शादीच्या दावतनाम्याच्या नावाने एपीके फाइल पाठवतो. ती फाइल आपणच उघडली, तर जगातलं कुठलंही व्हीपीएन वाचवू शकत नाही. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता 1930 वर फोन करायचा.

मोफत व्हीपीएन हा तर माझ्या मते सरळ टाळायचा प्रकार. सर्व्हर चालवायला खर्च येतो, तो कुठून तरी वसूल होणारच. फेसबुकने 2013 मध्ये ओनावो नावाची कंपनी घेतली. तिचं मोफत व्हीपीएन लोक सुरक्षेसाठी वापरत होते आणि त्यातून ते कोणती अ‍ॅप किती वापरतात ही माहिती फेसबुकला मिळत होती. 2019 मध्ये ते बंद झालं.

भारतात व्हीपीएन वापरणं सर्वसाधारणपणे गुन्हा नाही. मात्र 28 एप्रिल 2022 च्या सर्ट-इनच्या आदेशानुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन नंबर पाच वर्षं जपून ठेवायचा आहे. त्यावरून नॉर्ड आणि एक्सप्रेससारख्या कंपन्यांनी इथले सर्व्हर काढून नेले. ऑफिसने कामासाठी व्हीपीएन दिलं असेल तर जरूर वापरा. पत्रकारांनाही त्याची गरज पडते. बाकी घरांनी त्यासाठी दरमहा पैसे भरावेत असं मला वाटत नाही.

खरा प्रश्न रत्नागिरी-रायगडच्या घरांचा आहे, ज्यांचं कुणी ना कुणी दुबईत आहे. तिथे व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज जातो, व्हॉइस नोट जाते, पण कॉल लागत नाही. मग रूममधला कुणीतरी सांगतो, "व्हीपीएन टाक, भाई." अमिरातीत व्हीपीएन हे साधन म्हणून बेकायदा नाही, कंपन्या आणि बँका ते वापरतात. पण 2021 च्या सायबर कायद्यानुसार गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी आयपी पत्ता बदलला, तर तुरुंगवास किंवा 5 लाख ते 20 लाख दिरहम दंड होऊ शकतो. बंद केलेली सेवा अशा आडवाटेने वापरणं त्यात ओढलं जाऊ शकतं. पगारावर गेलेल्या पोराने पाच मिनिटांच्या कॉलसाठी ही जोखीम का घ्यावी? बोटिमसारखी परवानगी असलेली अ‍ॅप तिथे चालतात. आणि अडथळा तिकडच्या नेटवर्कवर असल्यामुळे इथे दादीच्या फोनमध्ये व्हीपीएन टाकून काहीच फायदा नाही. तिच्या फोनमध्ये बोटिम टाकून द्या आणि पोराशी बोलायची वेळ ठरवून घ्या. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असतं.