शिवले कोणी? जबलपूरच्या तयार कपड्यांच्या उद्योगाचा इतिहास

१. प्रस्तावना

तुमच्या अंगातील शर्टाच्या किंवा कुर्त्याच्या मानेजवळची पट्टी पाहा. तिच्यावर ब्रँडचे नाव ठळक असते. धुण्याच्या सूचना असतात, कापड सुती की मिश्र धाग्याचे तेही असते. कपडा शिवणाऱ्याचा मात्र तिच्यावर उल्लेख नसतो.

भारतीय वस्त्रोद्योगाच्या इतिहासातही बऱ्याच अंशी असेच घडले आहे. सूत, हातमाग, गिरणी, स्वदेशी, खादी यांवर आपण पुष्कळ वाचतो. अलीकडे देशी ब्रँडविषयीही लिहिले जाते. पण कापड आणि ब्रँड यांच्यामध्ये शिलाईचा टप्पा असतो आणि तो सहसा वगळला जातो. या पाठात आपण तो टप्पा मध्य प्रदेशातील जबलपूर शहराच्या आधारे समजून घेणार आहोत. हे शहर सलवार-सूट बनवण्यासाठी व्यापाऱ्यांमध्ये ओळखले जाते, पण ग्राहकांना ते या कारणासाठी क्वचितच माहीत असते. असे का झाले, हा आपला मुख्य प्रश्न आहे.

२. पार्श्वभूमी

मराठी वाचकाला जबलपूर परके नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख आधी सागरच्या मराठ्यांकडे आणि नंतर नागपूरच्या भोसल्यांकडे होता. १८१७ मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. तेव्हापासून १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते आणि प्रांताची राजधानी नागपूर होती.

वसाहतकाळात येथे कापडाशी संबंधित तीन गोष्टी घडल्या.

पहिली, ठगांच्या बंदोबस्ताचे मुख्य केंद्र जबलपूर होते. विल्यम स्लीमन यांच्या कारकिर्दीत, १८३० च्या दशकाच्या अखेरीस, माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी येथे एक उद्योगशाळा सुरू झाली. तेथे तंबू आणि गालिचे तयार होत. माल बाजारात विकला जाई, पण तो करणारी माणसे देखरेखीखाली असत.

दुसरी गोष्ट रेल्वेची. मार्च १८७० मध्ये मुंबईकडून आणि कलकत्त्याकडून आलेले लोहमार्ग जबलपूरला जोडले गेले. त्यामुळे हे शहर देशाच्या मोठ्या व्यापारी मार्गावर आले.

तिसरी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रांतात कापडगिरण्या निघाल्या. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. जबलपुरातही गोकुलदास घराण्याची सूत व कापडगिरणी उभी राहिली. याच शतकात उत्तर हिंदुस्थानातून निघालेले मोमीन-अन्सारी विणकर कामठी, बुऱ्हाणपूर, मालेगाव, भिवंडी अशा ठिकाणी स्थिरावले. जबलपूरच्या गोहलपूर भागातही अन्सारी वस्ती मोठी आहे.

थोडक्यात, कापड विणण्याचे आणि विकण्याचे ज्ञान शहरात होते. शिलाई मात्र अजून गल्लीतल्या शिंप्याकडेच होती.

३. स्वदेशी आणि शिलाई

स्वदेशी चळवळीने 'कापड कोणाचे?' हा प्रश्न घरोघरी नेला. जबलपूर या चळवळीत मागे नव्हते. १९२३ चा झेंडा सत्याग्रह येथूनच सुरू झाला आणि पुढे नागपूरला पसरला. १९३९ चे काँग्रेस अधिवेशन शहराजवळच त्रिपुरी येथे भरले.

पण स्वदेशीचा हिशेब सुताचा आणि कापडाचा होता. धोतर आणि लुगडे यांना शिलाई लागत नव्हती. सदरा, बंडी, चोळी ओळखीचा शिंपी मापाने शिवत असे. शिंपी परदेशी नव्हता, म्हणून तो राजकीय प्रश्न झाला नाही. संत नामदेवांच्या परंपरेमुळे शिंपीकामाला समाजात आदराचे स्थान होते, पण अर्थकारणाच्या चर्चेत ते आले नाही. शिवणयंत्र परदेशी होते, तरी त्याविरुद्ध बहिष्कार उभा राहिला नाही. पुढे १९३० च्या दशकात कलकत्त्यात 'उषा' हे देशी शिवणयंत्र बनू लागले. यंत्राची किंमत गिरणीच्या मानाने नगण्य असल्याने एका कुटुंबालाही ते घेता येई. पुढचा सारा उद्योग या एका गोष्टीवर उभा राहिला.

४. सलवार-सूट आणि जबलपूर

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सलवार-कमीज हा पोशाख उत्तरेकडून देशभर पसरला. महाराष्ट्रात त्याला आजही 'पंजाबी ड्रेस' म्हणतात. शाळा, कॉलेज आणि नोकरी यांमुळे घराबाहेर पडणाऱ्या मुलींनी तो स्वीकारला. सुरुवातीला दुकानातून ड्रेस मटेरियल घ्यायचे आणि शिंप्याकडे द्यायचे अशी रीत होती. नंतर तयार सूट बाजारात आले.

जबलपूरने हीच जागा घेतली. माल मुख्यतः बाहेरून येतो, कारण सुरतेसारख्या केंद्रांत कृत्रिम धाग्याचे स्वस्त कापड मुबलक बनते. शहरातले काम मुख्यतः शिलाईचे आहे. कटिंग मास्टर कापडाचे अनेक थर एकावर एक रचून एकदम कापतो. मग शिलाई, ओव्हरलॉक, भरतकाम किंवा लेस, काज-बटण, इस्त्री आणि पॅकिंग हे टप्पे येतात. प्रत्येक टप्पा वेगळ्या हाताकडे, पुष्कळदा वेगळ्या घराकडे जातो. तयार माल घाऊक व्यापाऱ्यांमार्फत इतर राज्यांत जातो. गोहलपूरच्या लेमा गार्डन परिसरात या व्यवसायासाठी गारमेंट क्लस्टरही उभे राहिले आहे. 'क्लस्टर' म्हणजे एकाच प्रकारचे लहान उद्योग एका ठिकाणी आणून त्यांना सामायिक सोयी देणे.

५. कारखाने लहान का राहिले?

याची चार कारणे लक्षात घ्या.

(अ) तंत्र. दहा यंत्रांचा कारखाना आणि हजार यंत्रांचा कारखाना यांत शिलाईचा वेग फारसा बदलत नाही, कारण प्रत्येक यंत्रावर एक माणूस लागतोच. सूतगिरणीत मोठेपणाचा जसा फायदा होतो, तसा येथे होत नाही.

(आ) मागणी. स्त्रियांच्या कपड्यांतील रंग, गळे, बाह्या लवकर बदलतात. थोडा माल लवकर काढणाऱ्याला त्याचा फायदा मिळतो.

(इ) धोरण. १९६७ पासून काही वस्तू लघुउद्योगांसाठी राखीव ठेवण्यात आल्या आणि पुढे तयार कपडेही त्या यादीत आले. २००० च्या राष्ट्रीय वस्त्रधोरणानंतर विणलेल्या कापडाचे तयार कपडे यादीतून काढण्यात आले. होजिअरी २००५ मध्ये निघाली.

(ई) कायदा. १९४८ च्या मूळ कारखाना कायद्यानुसार वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहा कामगार असले की कायदा लागू होई. त्यामुळे संख्या दहाच्या आत ठेवणे आणि उरलेले काम बाहेर देणे मालकाला सोयीचे ठरले.

राखीव धोरणाचा हेतू लहान उद्योजकाला संरक्षण देण्याचा होता आणि ते संरक्षण त्याला मिळाले. पण या धोरणाने कारखान्याचा आकार ठरवला, मजुरीचा दर ठरवला नाही. हा फरक महत्त्वाचा आहे.

६. ब्रँडचा काळ

दरम्यान देशी ब्रँड वाढत होते. ठाण्यात १९२५ मध्ये सुरू झालेल्या रेमंडने १९८६ मध्ये 'पार्क अ‍ॅव्हेन्यू' आणला. १९८० मध्ये अरविंदने 'फ्लाइंग मशीन' ही जीन्स बाजारात आणली. आपल्या विषयाला सर्वांत जवळचे उदाहरण 'बिबा'चे आहे. मीना बिंद्रा यांनी १९८० च्या दशकात आठ हजार रुपयांच्या कर्जावर घरातून सलवार-सूट विकायला सुरुवात केली. त्यातून 'बिबा' हा ब्रँड उभा राहिला.

जबलपूरचा सूट आणि ब्रँडचा सूट यांत शिलाईचे टप्पे बरेचसे सारखेच असतात. ब्रँडकडे आणखी काही गोष्टी असतात: जाहिरात, स्वतःची दुकाने, ठरलेली मापे आणि न विकलेला माल सोसण्याची ताकद. लहान कारखानदाराकडे बहुधा यांतले काहीच नसते. त्याचा पैसा उधारीत अडकलेला असतो. नाव नसल्याने तो किंमत ठरवू शकत नाही आणि घाऊक व्यापारी सांगेल त्या भावाला माल देतो. मग तो पैसे कुठे वाचवणार? त्याच्या हातात एकच खर्च उरतो, तो म्हणजे शिलाईची मजुरी.

७. कामगार कोण?

जबलपूर विड्यांसाठीही प्रसिद्ध आहे. विड्या वळणे आणि कपडे शिवणे यांत बरेच साम्य आहे. दोन्हींत माल घरी नेला जातो, मजुरी नगावर मिळते आणि घरी काम करणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी असते. पण कायद्याने दोघांना सारखे वागवले नाही. विडी व सिगार कामगारांसाठी १९६६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि त्यात घरी विड्या वळणाऱ्यांनाही कामगार मानले गेले. १९७६ मध्ये त्यांच्यासाठी कल्याण निधीचा कायदा आला. घरी कपडे शिवणाऱ्यांसाठी असा स्वतंत्र केंद्रीय कायदा झाला नाही.

न्यायालयाने मात्र एक दार उघडले. १९७३ मध्ये सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नगावर मजुरी घेणाऱ्या शिंप्यांना नोकर मानले. काम नापसंत करण्याचा आणि पुन्हा शिवून घेण्याचा अधिकार मालकाला असेल, तर ते नाते मालक-नोकराचेच आहे, असा या निकालाचा आशय होता. तो खटला दुकानात बसून शिवणाऱ्यांचा होता. ठेकेदारामार्फत घरी माल नेणाऱ्या स्त्रीला आपला मालक कोण हेच सिद्ध करणे कठीण जाते. २००८ च्या असंघटित कामगार सामाजिक सुरक्षा कायद्यात घरी काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या आली. मात्र त्या कायद्याने मजुरीचा दर ठरवलेला नाही.

८. समारोप

जबलपूरच्या उदाहरणावरून 'देशी' या शब्दाचा अर्थ कसा बदलत गेला ते दिसते. स्वदेशीच्या काळात कापड कोणाचे हे विचारले गेले. राखीव धोरणाच्या काळात कारखाना केवढा हे पाहिले गेले. आज ब्रँड कोणाचा हे पाहिले जाते. तिन्ही प्रश्न आवश्यक आहेत, पण शिवणाऱ्याला काय मिळाले हे त्यांपैकी एकानेही कळत नाही. म्हणून एखाद्या कपड्याला 'देशी' म्हणताना त्याच्या शिलाईचा दरही विचारात घ्यायला हवा.

विचारासाठी प्रश्न

१. विडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला, पण घरी शिलाई करणाऱ्यांसाठी का झाला नसावा? तुमची कारणे मांडा.

२. राखीव धोरण नसते, तर जबलपूरमध्ये मोठा ब्रँड उभा राहिला असता का? विभाग ५ आणि ६ मधील मुद्द्यांच्या आधारे दोन्ही बाजू लिहा.

३. तुमच्या गावातील एका शिलाई करणाऱ्या व्यक्तीला एका नगामागे किती मजुरी मिळते ते विचारा आणि त्याच कपड्याच्या बाजारभावाशी तिची तुलना करा. त्या व्यक्तीचे नाव तिच्या संमतीशिवाय लिहू नका.