बंब कुठे उभा करायचा?

मागच्या रविवारी एका मित्राच्या आग्रहाखातर शहराबाहेरच्या एका मैदानात मॉडेल विमानांचा शो बघायला गेलो होतो. छोटासाच कार्यक्रम. दोन-तीनशे माणसं, पोरांचा दंगा, भेळेची गाडी. धावपट्टीच्या अगदी टोकाला एक अँब्युलन्स उभी होती आणि ड्रायव्हर चहा प्यायला गेलेला.

"अरे, ती तिथे का उभी केलीये?"

"तिथून पटकन पोचता येतं ना!"

उत्तर पटण्यासारखं होतं. पण मला राम्स्टाइन आठवलं.

२८ ऑगस्ट १९८८. तोही रविवारच. पश्चिम जर्मनीतला अमेरिकन हवाई तळ, सुमारे तीन लाख प्रेक्षक. इटलीच्या हवाई दलाच्या 'फ्रेचे त्रिकोलोरी' पथकाची दहा जेट विमानं धुराने आकाशात हृदय काढत होती. एक विमान समोरून, प्रेक्षकांच्या दिशेने येऊन त्या हृदयातून आरपार जाणार होतं. ते दुसऱ्या दोन विमानांना धडकलं आणि पेटत गर्दीत घुसलं. ७० जण गेले, ६७ प्रेक्षक आणि तिन्ही वैमानिक. शेकडो जखमी झाले, कितीतरी भाजले.

इथवरची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. पुढची कमी.

धडकलेल्यांपैकी एक विमान पडलं ते थेट मदतीसाठी सज्ज ठेवलेल्या हेलिकॉप्टरवर. त्याचा वैमानिक जबर जखमी झाला आणि काही आठवड्यांनी वारला. म्हणजे आपण बॅकअप त्याच रॅकवर ठेवतो ना, तसंच झालं.

मग मदत आली, पण दोन देशांची. जर्मन अँब्युलन्सना तळावर लगेच आत सोडलं नाही. अमेरिकन लोकांची पद्धत अशी, की जखमीला उचला आणि हॉस्पिटल गाठा. जर्मनांची पद्धत म्हणजे आधी जागेवर उपचार, मग हलवाहलव. सलाइनसाठी शिरेत घालायच्या नळ्यासुद्धा दोघांच्या वेगवेगळ्या मापाच्या, त्यामुळे गोंधळात भर. कायझर्सलाउटर्नच्या मदत केंद्राला तासाभरानंतरही नेमकं किती मोठं झालंय याचा अंदाज नव्हता. दोन्ही मॉड्यूल आपापल्या जागी उत्तम चालणारी, पण एकत्र टेस्ट कोणीच केली नव्हती!

जर्मनीने हवाई कसरतींचे कार्यक्रम बंद केले. १९९१ नंतर ते पुन्हा सुरू झाले, पण कडक नियमांसकट.

तुम्ही म्हणाल, तीन लाखांचा शो कुठे आणि आमचं भेळेचं मैदान कुठे? खरंय. पण मोठ्या शोकडे निदान हेलिकॉप्टर तरी होतं. छोट्याकडे एकच गाडी असते. ती चुकीच्या जागी असली, तर दुसरी नाही.

रात्री मित्राला मेल टाकली. चार प्रश्न. विमान भरकटलं तर गाडी त्याच्या वाटेत आहे का? ती गर्दीतून बाहेर कशी निघणार? भाजलेल्या माणसाला कुठल्या हॉस्पिटलात न्यायचं, आणि त्यांना आधी सांगितलंय का? चहाला जाताना किल्ली कोणाकडे?

पाच मिनिटांत उत्तर आलं. "पहिल्याचं माहीत नाही. दुसऱ्याचंही. बुधवारी भेटतोस का? मैदानाचा नकाशा घेऊन येतो."

चौथ्याबद्दल तो काहीच बोलला नाही. असो. बुधवारी विचारीन.