फॅलो चतुष्क : शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत व देखरेख

फॅलो चतुष्क (टेट्रॅलॉजी ऑफ फॅलो) हा बालकांमध्ये आढळणारा एक जन्मजात हृदयदोष आहे. त्यावरील शस्त्रक्रियेमुळे बहुसंख्य बालके प्रौढ वयापर्यंत जगतात. मात्र या शस्त्रक्रियेने हृदय पूर्णपणे सामान्य होत नाही. त्यामुळे रुग्णावर सुरुवातीला अतिदक्षता विभागात व पुढे आयुष्यभर नियमित देखरेख ठेवावी लागते.

पार्श्वभूमी

या विकारात चार दोष एकत्र असतात : दोन निलयांमधील पडद्याला छिद्र, फुप्फुस रोहिणीकडे जाणारा मार्ग अरुंद असणे, महारोहिणीचे मुख त्या छिद्रावर सरकलेले असणे आणि उजव्या निलयाची भिंत जाड होणे. ऑक्सिजन कमी असलेले रक्त शरीरात गेल्याने बालकाचे ओठ व नखे निळसर दिसतात. फ्रेंच वैद्य आर्थर फॅलो यांनी १८८८ मध्ये या चार दोषांचे सविस्तर वर्णन केले. १९४४ मध्ये बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी फुप्फुसांकडील रक्तप्रवाह वाढवणारी पहिली शस्त्रक्रिया केली. तिच्यामागील कल्पना हेलन टॉसिग यांची होती, तर प्रयोगशाळेत तिचे तंत्र सिद्ध करण्यात व्हिव्हियन थॉमस यांचा मोठा वाटा होता. १९५४ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात वॉल्टन लिलेहाय यांनी हृदय उघडून हे दोष प्रथम दुरुस्त केले.

सध्या ही दुरुस्ती बहुधा पहिल्या वर्षातच केली जाते. पडद्यावरील छिद्र ठिगळ लावून बंद करतात व फुप्फुस रोहिणीकडील अरुंद मार्ग रुंद करतात.

सुरुवातीच्या काळातील गुंतागुंत

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दोन-तीन दिवस सर्वाधिक जोखमीचे असतात. या काळात पुढील अडचणी उद्भवू शकतात :

* रक्तस्राव : छातीतील नळ्यांमधून येणाऱ्या रक्ताचे प्रमाण दर तासाला मोजले जाते. नळीतील रक्तस्राव एकाएकी थांबणे हेही धोक्याचे लक्षण असू शकते, कारण रक्त हृदयाभोवती साचून त्यावर दाब येतो.
* हृदयाचे उत्क्षेपण कमी होणे : ताठर झालेला उजवा निलय नीट भरत नाही. हातपाय थंड पडणे, लघवी कमी होणे व रक्तातील लॅक्टेट वाढणे ही त्याची चिन्हे होत.
* अतिजलद हृदयताल : अलिंद व निलय यांच्या संधिस्थानातून निघणारा हा ताल बहुधा पहिल्या ४८ तासांत सुरू होतो. ताप उतरवून शरीर थंड ठेवणे, हृदयाला उत्तेजित करणारी औषधे कमी करणे व ॲमिओडॅरोन देणे हे उपचार केले जातात.
* हृदयरोध : छिद्राच्या कडेजवळून जाणाऱ्या विद्युत मार्गाला इजा झाल्यास ठोके मंदावतात. शस्त्रक्रियेच्या वेळी बसवलेल्या तात्पुरत्या तारांद्वारे हृदय चालू ठेवता येते. सुमारे सात ते दहा दिवसांत सुधारणा न झाल्यास कायमस्वरूपी पेसमेकरचा विचार केला जातो.
* इतर : फुप्फुसाभोवती द्रव साचणे, जंतुसंसर्ग आणि श्वासपटलाच्या चेतातंतूला इजा.

ज्या बालकांच्या २२व्या गुणसूत्राचा लहानसा भाग गळालेला असतो, त्यांच्या रक्तातील कॅल्शियम घटण्याचा धोका अधिक असतो. त्यामुळे ते वारंवार तपासावे लागते.

घरी आल्यानंतर

उरोस्थी जुळण्यास साधारणतः सहा ते आठ आठवडे लागतात. तोपर्यंत बाळाला काखेत धरून न उचलता पाठीखाली व कुल्ल्यांखाली हात घालून उचलावे. जखम लाल होणे किंवा तिच्यातून पू येणे, ताप, जलद श्वास, दूध कमी पिणे, असाधारण मरगळ अथवा बेशुद्धी यांपैकी काहीही आढळल्यास तातडीने डॉक्टरांकडे जाणे आवश्यक असते. पुढील काही आठवड्यांत हृदयावरणात द्रव साचल्यानेही ताप व चिडचिड उद्भवू शकते.

दीर्घकालीन गुंतागुंत

मार्ग रुंद करताना अनेकदा फुप्फुस झडपेची बंद होण्याची क्षमता जाते. प्रत्येक ठोक्यानंतर काही रक्त उजव्या निलयात परत येते व निलय हळूहळू फुगत जातो. अनेक वर्षे रुग्णाला कोणताही त्रास जाणवत नाही. म्हणूनच केवळ लक्षणांवर विसंबणे धोक्याचे असते. पुढे दमश्वास, अनियमित हृदयताल व क्वचित आकस्मिक मृत्यू संभवतो.

देखरेखीत विद्युत हृद्‌लेख, इकोकार्डिओग्राफी, २४ तासांची होल्टर नोंद, व्यायाम चाचणी व हृदयाचे एमआरआय यांचा समावेश होतो. हृद्‌लेखातील क्यूआरएस १८० मिलिसेकंदांहून रुंद असल्यास तालबिघाडाचा धोका वाढलेला मानतात. निलयाचे आकारमान, त्याची कार्यशक्ती व लक्षणे पाहून नवी झडप बसवण्याची वेळ ठरवली जाते. २००० मध्ये फिलिप बॉनहोफर यांनी छाती न उघडता नलिकेद्वारे फुप्फुस झडप बसवल्याचे प्रसिद्ध केले. योग्य रुग्णांत ही पद्धत आता वापरली जाते.

एन्डोकार्डायटिस, म्हणजेच हृदयाच्या आतील अस्तराचा जंतुसंसर्ग, टाळण्यासाठी दातांची निगा महत्त्वाची असते. कृत्रिम झडप असलेल्यांना काही दंतोपचारांपूर्वी प्रतिजैविक दिले जाते.

भारतातील स्थिती

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथे झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या या तपासणीत जन्मजात हृदयदोषांचा समावेश आहे. मात्र झडपेशी निगडित अडचणी बहुधा वयाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात, म्हणजे या वयोमर्यादेच्या आसपास किंवा त्यानंतर समोर येतात. त्यामुळे शस्त्रक्रियेचा अहवाल जपून ठेवणे, मोठ्या होणाऱ्या मुलाला स्वतःच्या विकाराची माहिती देणे आणि प्रौढांच्या हृदयरोगतज्ज्ञाकडे वेळेवर नोंदणी करणे हा उपचारांचाच भाग ठरतो. स्त्री रुग्णांनी गर्भधारणेपूर्वी तपासणी करून घेणे इष्ट असते.