सातपुड्यातला १८१८ चा पावसाळा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, आपल्या सावरगावात आणि पलीकडच्या पांढुर्ण्यात काय होते ते या स्मरणिकेच्या वाचकांना सांगायला नको. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, त्यावर झेंडा लागतो आणि दोन्ही काठांवरून दगड सुरू होतात. त्यानंतर तीन-चार दिवसांतच घरोघरी गणपती बसतात. डोक्याला पट्टी बांधलेला गडी आरतीत टाळ वाजवताना आपण सर्वांनीच पाहिला आहे.

गोटमार का सुरू झाली, याच्या दोन कथा आहेत. पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी नदी ओलांडून पळून जात असताना दोन्ही काठांवरून दगड आले, ही कथा सर्वांना पाठ आहे. दुसरी कमी सांगितली जाते. ती अशी की, नागपूरकर भोसल्यांचे सैन्य जामेच्या काठी दगडफेकीचा सराव करीत असे आणि हत्यारे संपली तेव्हा त्याने दगडांनीच शत्रूला रोखले. ही दंतकथाच आहे. तिच्यावर इतिहास उभा करता येणार नाही. पण दंतकथेने भोसल्यांचेच नाव का धरून ठेवले, हा प्रश्न मात्र विचारता येतो. त्याचे उत्तर शोधू लागलो की आपण १८१८ च्या पावसाळ्यात येऊन पोचतो.

आपली बहुतेक मराठी घरे या मुलखात भोसल्यांच्या मागोमाग स्थिरावली. त्याआधी इथे देवगडच्या गोंड राजांचे राज्य होते. १७३९ च्या सुमारास देवगडच्या वारसांमध्ये भांडण लागले, ते मिटवायला रघूजी भोसले आले आणि हळूहळू राज्यच त्यांच्या हाती गेले. मराठी कारकून, कमाविसदार, पाटील, शेतकरी अशी माणसे घाटावर पोचली ती या राज्याच्या आधाराने. म्हणून त्या राज्याचा शेवट कसा झाला, हे आपल्या घराच्याच इतिहासात मोडते.

दुसरे रघूजी १८१६ च्या मार्चमध्ये वारले. त्यांचा मुलगा परसोजी राज्य चालवण्यास असमर्थ होता, म्हणून कारभार चुलतभाऊ मुधोजी यांच्याकडे आला. हेच अप्पासाहेब. मे महिन्यात त्यांनी इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. पुढच्या फेब्रुवारीत परसोजीचा खून झाला आणि अप्पासाहेब गादीवर बसले. या खुनाचा ठपका त्यांच्यावर आहे आणि तो झाकण्याचे कारण नाही. आपला नायक स्वच्छ असलाच पाहिजे असा हट्ट धरला, तर इतिहासात वाचायला फारसे काही उरणार नाही.

१८१७ च्या नोव्हेंबरात पुण्याला पेशव्यांनी इंग्रजांशी लढाई सुरू केली. रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्सचा विरोध असतानाही अप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेली सेनासाहेब सुभा ही पदवी आणि खिलत भर दरबारात स्वीकारली. त्यानंतर दोनच दिवसांनी, २६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी, सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर लढाई पेटली. इंग्रजांकडे जेमतेम चौदाशे माणसे होती, तर भोसल्यांचे सैन्य त्याच्या कितीतरी पट होते आणि त्यात अरबांच्या कडव्या तुकड्या होत्या. रात्रभर गोळीबार चालला. सकाळी अरबांनी लहान टेकडी काबीज केली आणि आता मोठीही पडणार असे दिसू लागले. तेवढ्यात कॅप्टन फिट्झजेराल्डने हुकमाची वाट न पाहता बंगालच्या घोडेस्वारांनिशी हल्ला चढवला आणि पारडे फिरले. दुपारपर्यंत सारे आटोपले होते. आज नागपूरला जाणारा आपला प्रत्येक माणूस त्याच टेकडीखाली साड्या घेतो.

डिसेंबरात जनरल डव्हटनची फौज आली. १६ तारखेला अप्पासाहेब स्वतः रेसिडेंटच्या हवाली झाले. शहरातल्या अरबांनी मात्र शरण जायचे नाकारले. त्यांनी महिनाअखेरपर्यंत नागपूर धरून ठेवले आणि शेवटी अटी घालूनच ते बाहेर पडले. जानेवारीत अप्पासाहेबांना नवा तह करावा लागला. मार्चमध्ये त्यांच्यावर पुन्हा कटाचा आरोप आला, त्यांना कैद झाली आणि प्रयागच्या किल्ल्याकडे रवाना करण्यात आले. पुस्तकांमध्ये गोष्ट बहुधा इथेच संपते, पण आपल्या मुलखाची गोष्ट इथूनच सुरू होते.

जबलपूरच्या वाटेवर रायचूर नावाच्या मुक्कामी, १३ मे १८१८ च्या पहाटे, अप्पासाहेब पहाऱ्यातून निसटले. अंगावर शिपायाचा पोशाख होता आणि पहाऱ्यातले काही शिपाईही त्यांच्याबरोबर गेले. नागपूरकडे वळणे शक्य नव्हते. ते महादेवाच्या डोंगरात, पचमढीच्या बाजूला शिरले. तिथे त्यांना आश्रय दिला तो कुणा मराठी सरदाराने नव्हे, तर पचमढीचा कोरकू ठाकूर मोहनसिंग आणि हर्रईचा गोंड जमीनदार चैनशहा यांनी. विखुरलेले अरबही हळूहळू येऊन मिळाले. ज्या गोंडांचे राज्य भोसल्यांनी घेतले होते, त्यांच्याच भाईबंदांनी परागंदा भोसल्याला डोंगर उघडून दिला.

मग पाऊस सुरू झाला. जुलै-ऑगस्टात सातपुड्याच्या घाटांची काय अवस्था होते, ते आजही मुलताईच्या रस्त्याने जाणाऱ्याला कळते. दोनशे वर्षांपूर्वी तर काळ्या मातीत तोफेचे चाक हलत नसे आणि एकेक नाला चार-चार दिवस उतरत नसे. होशंगाबादची कंपनीची फौज नर्मदेच्या काठी होती, नागपूरची घाटाखाली. मधल्या पठारावर बैतूलसारख्या ठिकाणी लहान लहान तुकड्या होत्या आणि एकीला दुसरीची मदत वेळेवर पोचणे कठीण होते. डोंगरातल्या लोकांना हे नेमके ठाऊक होते.

बैतूलच्या ठाण्यावर कॅप्टन स्पार्क्स होता. अरब आणि गोंड मुलखात उतरले आहेत असे कळताच तो शंभराहून थोडे अधिक शिपाई घेऊन त्यांच्यावर निघाला. २० जुलै १८१८ रोजी गाठ पडली, तेव्हा समोरचा जमाव त्याच्या अंदाजाच्या कितीतरी पट निघाला. तुकडीने दारूगोळा संपेपर्यंत झुंज दिली. नंतर ती जवळजवळ सगळीच्या सगळी कापली गेली. स्पार्क्स मेला आणि परत पोचले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके शिपाई. सीताबर्डीत जे हजारोंच्या फौजेला साधले नाही, ते इथे चिखलाच्या आणि डोंगराच्या मदतीने साधले होते.

या विजयानंतर काही आठवडे पठारावर कंपनीचा हुकूम चालेनासा झाला. तापीचे उगमस्थान असलेली मुलताई अरबांच्या हाती गेली. जिथे आपण आषाढात स्नानाला जातो, त्या गावात तेव्हा भोसल्यांच्या नावाने वसुली चालू होती. अर्थात हे टिकले नाही. नागपूर आणि होशंगाबाद अशा दोन्ही बाजूंनी नव्या पलटणी आल्या, मुलताई परत घेतली गेली आणि पाऊस ओसरताच डोंगराला वेढा पडू लागला. अप्पासाहेबांना पकडून देणाऱ्याला लाख रुपयांचे इनाम लागले. त्या काळच्या एक लाखात काय आले असते याचा विचार करा, आणि मग हेही लक्षात घ्या की ते इनाम कुणीही मिळवले नाही. वाड्या-वस्त्यांतून माणूस जात होता, लोक पाहत होते आणि गप्प राहत होते. इंग्रजांच्या गॅझेटिअरनेच लिहून ठेवले आहे की, मुलताई, बैतूल आणि शहापूरला फौज बसवलेली असूनही तो रात्रीतून पश्चिमेकडे निसटला आणि रहिवाशांचा त्याला आतून पाठिंबा होता.

१८१९ च्या फेब्रुवारीत अप्पासाहेब डोंगर सोडून असीरगडाकडे गेले. बरोबर चितू पेंढारी होता. त्याला पुढे जंगलात वाघाने मारले. एप्रिलमध्ये असीरगड पडला, तरीही अप्पासाहेब सापडले नाहीत. लाहोरला रणजितसिंगाच्या राज्यात, मग हिमालयातल्या मंडीला आणि अखेर जोधपूरला, असा त्यांचा उरलेला जन्म फिरण्यात गेला. १८४० मध्ये जोधपुरातच ते वारले.

जगाच्या दुसऱ्या टोकाला याच पिढीत असेच काही घडले होते. १७९८ मध्ये आयर्लंडने इंग्रजांविरुद्ध बंड केले. न्यू रॉस या लहानशा गावावर शेतकरी लोहाराकडून घडवून घेतलेले भाले घेऊन चालून गेले, वेशीतून आत घुसले आणि गल्लीगल्लीत लढले. संध्याकाळपर्यंत तोफांनी त्यांना मागे रेटले आणि हजारो माणसे मेली. त्याच महिन्यात व्हिनेगर हिल नावाच्या टेकडीवर बंडाचा कणा मोडला. हे बंड मोडण्यासाठी तिथे नेमला गेलेला लॉर्ड कॉर्नवॉलिस म्हणजे आपल्याकडचाच माजी गव्हर्नर जनरल. तिथेही गाव पडले तरी डोंगर पडला नाही. मायकेल ड्वायर नावाचा बंडवाला विकलोच्या डोंगरात पाच वर्षे टिकला आणि १८०३ च्या डिसेंबरात शरण आला. त्याच डिसेंबरात आपल्या शेजारचा गाविलगड भोसल्यांच्या हातून गेला. तो घेणारा सेनापती आर्थर वेलस्ली हा आयर्लंडमध्येच जन्मलेला. फरक एवढाच की न्यू रॉस आणि व्हिनेगर हिल तिथल्या पोरासोरांना ठाऊक आहेत. वीस जुलैचा दिवस आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होता?

आपण हे का विसरलो, याचे उत्तर थोडे अवघड आहे. या उठावाची किंमत प्रामुख्याने गोंड-कोरकूंनी मोजली. कंपनीने सर्वांना माफी जाहीर केली तेव्हाही पुढाऱ्यांना तीतून वगळले. मराठी कारभारी घरे मात्र बहुतेक जागच्या जागी राहिली. बैतूल-मुलताईकडचा मुलूख कंपनीकडे गेला, इकडचा छिंदवाड्याचा भाग नव्या राजाच्या, म्हणजे लहानग्या तिसऱ्या रघूजीच्या नावाने जेन्किन्स चालवू लागला. दफ्तरे तीच राहिली, मोडीही तीच राहिली, फक्त हुकूम देणारा बदलला. पोटापाण्यासाठी वाकलेल्या पूर्वजांना आज दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण अप्पासाहेबांच्या उठावाला ‘मराठ्यांचा शेवटचा लढा’ म्हणून मिरवताना तो कुणाच्या खांद्यावर लढला गेला, हे सांगितलेच पाहिजे.

दोष देण्याची घाई नागपूरने एकदा केली आहे. आपल्याकडे करीला गोटमार होते, त्याच दिवशी नागपुरात काळी मारबत निघते. लोक सांगतात, ही काळी मारबत म्हणजे इंग्रजांना मिळालेली बांकाबाई. दुसऱ्या रघूजीची ही विधवा १८१८ नंतर बालराजाची पालक झाली. तिच्या हाती तेव्हा काय होते? फौज मोडलेली, राजा परागंदा, गादीवर कोवळे पोर, दारात रेसिडेंट. तिने राज्य वाचवायचे ठरवले. ते वाचलेही, पण १८५३ च्या डिसेंबरपर्यंतच. तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केले. डोंगरात लढणारा हरला आणि वाड्यात वाकणारीही हरली. दोघांतल्या एकाला दंतकथा मिळाली, दुसरीला दरवर्षी शिव्या. आम्हाला वाटते, हा न्याय पुन्हा एकदा तपासून पाहावा.

१९५६ मध्ये नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्यप्रदेशात राहिलो. आता पांढुर्णा-सौंसरचा स्वतंत्र जिल्हाही झाला आहे. नागपूरशी रोटीबेटीचे नाते राहिले, पण आपला इतिहास मात्र दोन्ही राज्यांच्या पाठ्यपुस्तकांच्या मधल्या शिवणीत पडला. तिथे विदर्भाचे पुस्तक घाटाखाली संपते आणि मध्यप्रदेशाचे नर्मदेकाठी सुरू होते. मधला सातपुडा आपणच लिहायचा आहे.

म्हणून यंदा एक विनंती. ज्यांच्या माळ्यावर जुन्या पेट्या आहेत, त्यांनी त्यातले मोडी कागद रद्दीत घालण्यापूर्वी कुणा जाणकाराला दाखवावेत. ज्यांच्या शेतावर गोंड-कोरकू गडी पिढ्यान्‌पिढ्या येतात, त्यांनी त्यांच्या म्हाताऱ्यांना मोहनसिंग आणि चैनशहांबद्दल विचारावे. कदाचित आपल्या कागदांपेक्षा त्यांच्या गाण्यांतच जास्त सापडेल. अनंत चतुर्दशीला बाप्पाला निरोप देताना एकदा उत्तरेला डोंगराकडे पाहावे. ज्या पावसाला आपण ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणतानाही कंटाळलेलो असतो, त्याच पावसाने एके काळी सातपुड्याला काही आठवडे कुणाचाही हुकूम पाळू दिला नव्हता.

गणपती बाप्पा मोरया!