रोग्याला विचारावयाचे प्रश्न

वैद्यकाचा इतिहास लिहिताना शोध लावणाऱ्यांची नावे सांगण्याचा प्रघात आहे. रोग्याला प्रश्न कोणते व कसे विचारले गेले, ही हकीकत मात्र सहसा कोणी सांगत नाही. ‘स्क्लेरोडर्मा’ नावाच्या एका विरळ व्याधीच्या निमित्ताने ती थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे. या व्याधीत शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटते. कातडी जाड व ताठ होत जाते, बोटे आखडतात, तोंड लहान होते. थंडी लागताच बोटांतील रक्त आटते, आणि पुढे अन्ननलिका व फुप्फुसे यांचीही सुटका नसते.

इ. स. १७५३ मध्ये नेपल्स येथील कार्लो कुर्झिओ या वैद्याने कातडी कठीण झालेल्या एका तरुणीची हकीकत प्रसिद्ध केली. ती व्याधी हीच होती की नाही, याविषयी आजचे विद्वान शंका घेतात, असो. १८६२ मध्ये पॅरिस येथे मॉरिस रेनॉ याने थंडीने पांढऱ्या-निळ्या पडणाऱ्या बोटांवर आपला प्रबंध लिहिला. या लेखनात पाहणारा वैद्य, मोजणाराही वैद्यच. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हीच रीत चालू होती. १९४९ मध्ये स्टाइनब्रोकर याने संधिवाताच्या रोग्यांचे कार्यशक्तीनुसार चार वर्ग पाडले. पण कोणता रोगी कोणत्या वर्गात बसतो, हे ठरवावयाचे वैद्यानेच.

ही रीत पालटली ती १९८० मध्ये. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जेम्स फ्राइस यांनी आठ गटांत वीस प्रश्न मांडले आणि उत्तराचा अधिकार रोग्याच्या हाती दिला. कपडे घालता येतात काय, अंथरुणातून उठता येते काय, मांस कापता येते काय, दुधाचे नवे खोके उघडता येते काय, असे ते साधे प्रश्न. त्रास मुळीच नसल्यास शून्य, मुळीच जमत नसल्यास तीन. १९९७ मध्ये स्टीन व मेड्सगर यांनी स्क्लेरोडर्मासाठी त्याला पाच रेघांची पुरवणी जोडली. पचन, श्वास, बोटांचे पांढरे पडणे, बोटांवरील जखमा आणि एकंदर व्याधी यांनी गेल्या आठवड्यात किती अडथळा आणला, हे रेघेवर खूण करून रोग्याने सांगावयाचे.

प्रश्न साधे, पण ते एका विशिष्ट घरातले आहेत, हे लवकरच ध्यानात आले. १९८६ मध्ये ब्रिटिश रोग्यांसाठी ही प्रश्नावली इंग्रजीतूनच इंग्रजीत उतरवावी लागली! नळाला अटलांटिकच्या एका काठावर एक शब्द, दुसऱ्या काठावर दुसरा. मग आपल्याकडची गोष्ट काय सांगावी? जिच्या घरी मांस शिजत नाही आणि दूध पातेल्यात येते, त्या बाईने ते प्रश्न कोरे सोडले तर ते हिशेबातून गळतात. शून्यावर खूण केली तर ती कागदोपत्री धडधाकट ठरते. नव्या औषधाचा गुण याच आकड्यांवरून ठरवितात, म्हणून ही चूक क्षुल्लक नव्हे.

२००२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील अशोक कुमार व त्यांचे सहकारी यांनी संधिवातासाठी बारा प्रश्नांची भारतीय आवृत्ती प्रसिद्ध केली. तीत साडी, धोतर, पायजमा आहे; शौचास उकिडवे बसणे किंवा जमिनीवर मांडी घालणे आहे; रिक्षात चढणे-उतरणे आणि भाजीबाजार आहे. हिला भाषांतर म्हणावे की नवी रचना? आमच्या मते, हेच खरे भाषांतर.

भाषांतर तपासण्याची सर्वांत प्रसिद्ध युक्ती उलट भाषांतराची. ब्रिस्लिन याने १९७० मध्ये तिचे विवेचन केले: एकाने मराठीत आणावे, मूळ न पाहता दुसऱ्याने परत इंग्रजीत न्यावे, आणि दोन्ही इंग्रजी लेख ताडून पाहावे. युक्ती चांगली आहे, पण आम्हांला तिचा पुरता भरवसा वाटत नाही. आम्ही केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकुनी करतो. १९६३ च्या राजभाषा अधिनियमानंतर दोन भाषांत छापण्यात येऊ लागलेली प्रपत्रे रोज आमच्या मेजावरून जातात. कोशाप्रमाणे निर्दोष असलेले प्रपत्र हाती घेऊन मनुष्य विचारतो, ‘येथे काय लिहावयाचे?’

बोटांवरील जखमांचीच रेघ घ्या. तेथील इंग्रजी शब्दासाठी विद्वान भाषांतरकार सहज ‘व्रण’ लिहील, आणि परत नेणारा विद्वानही तितक्याच सहज मूळ शब्दावर पोहोचेल. दोन्ही लेख तंतोतंत जुळतील. परंतु घरोघरच्या मराठीत व्रण म्हणजे बऱ्या झालेल्या जखमेची खूण! जिची जखम भरून आली ती बाई ‘होय’ म्हणेल, आणि जिचे बोट आज चिघळले आहे ती ‘नाही’ म्हणेल. ‘अल्सर’ लिहावे तर ती पोटावर हात ठेवील. ‘बोटांवरील न भरलेली जखम’ हे शब्द कोशात शोभणारे नसतील, पण बाईला ते कळतील.

आकडेशास्त्र ही चूक पकडील काय? १९५१ मध्ये क्रोनबॅक याने सुचविलेल्या आकड्यावरून सर्व प्रश्न एकमेकांशी सुसंगत आहेत की नाहीत, हे कळते; परंतु येथे एका रेघेवर एकच प्रश्न, तेव्हा तो लागूच पडत नाही. आठ-पंधरा दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा विचारून उत्तर टिकते की नाही, हेही पाहतात. पण व्रणाचा अर्थ खूण असा घेणारी बाई दुसऱ्यांदाही तोच अर्थ घेणार. उत्तर टिकेल आणि चूकही टिकेल. उघड्या जखमा वैद्याने मोजून त्या संख्येशी रेघेवरील खूण ताडली, तरच संशय येण्याचा संभव.

म्हणून २००० मध्ये बीटन व सहकाऱ्यांनी जे टप्पे सांगितले, त्यांतील शेवटचा आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो. तीस-चाळीस रोग्यांपुढे कच्ची प्रश्नावली ठेवावी आणि प्रत्येकाला विचारावे, ‘या प्रश्नाचा तुम्ही काय अर्थ घेतलात?’ संधिवाताचे एवढे रोगी मोठ्या इस्पितळात लवकर मिळतील. स्क्लेरोडर्माचे, त्यातही मराठी बोलणारे, गोळा करण्यास फार काळ लागतो. पुणे-मुंबईबाहेर इंदूर, बडोदे, हैदराबाद, दिल्ली येथील रोगी घेतले तर संख्या वाढेल. पण मग कोणी आखडणे म्हणेल, कोणी जखडणे, कोणी ताठरणे, आणि ते सर्व टिपून घ्यावे लागेल. शिवाय ऋतूचे भान हवे. दिल्लीच्या पौषात ज्या बाईची बोटे घागरीला हात लावताच पांढरी पडतात, तीच चैत्रात रेघेच्या आरंभाशी खूण करील. तेव्हा दोन्ही भेटी एकाच ऋतूत, शक्य तर एकाच पंधरवड्यात उरकाव्या लागतात.