सल्ला, हुकूम नव्हे

आपल्याकडे सोयरीक जुळवताना 'खाण तशी माती' ही म्हण हमखास निघते. घराण्याचे गुणदोष मुलांत उतरतात, हे आपल्या वाडवडिलांनी ओळखले होते. ते कसे उतरतात हे शास्त्राला उशिरा कळले. आणि कळल्यावर त्या ज्ञानाचे करायचे काय, हे शिकताना माणसाने फार मोठी किंमत मोजली. तीच हकीकत आज सांगावयाची आहे.

मेंडेलने वाटाण्यावर केलेले प्रयोग 1866 साली छापले गेले. पण जगाचे लक्ष तिकडे गेले ते 1900 साली. पुढे काही पुढाऱ्यांच्या मनात आले, की शेतकरी बी निवडतो तशी माणसांचीही निवड का करू नये? या विचाराला सुप्रजाजनन असे गोंडस नाव होते. अमेरिकेत इंडियाना राज्याने 1907 साली सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. पुढे अनेक राज्यांनी तोच कित्ता गिरवला आणि 60,000 हून अधिक माणसांवर अशा शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत पुष्कळसे गरीब नि निराधार होते. जर्मनीत 1933 साली नाझींनी असाच कायदा केला. त्याचा शेवट कुठे झाला, ते आपण जाणताच.

मिनेसोटा राज्यात या मताचे एक कट्टर डॉक्टर होते, चार्ल्स डाइट. 1933 साली त्यांनी हिटलरला कौतुकाचे पत्रही धाडले होते. 1938 साली ते वारले, आणि त्यांची इस्टेट मिनेसोटा विद्यापीठाकडे गेली. तिच्यातून 1941 साली एक संस्था उभी राहिली. 1947 साली तिचे संचालक झाले शेल्डन रीड. गंमत पाहा, पैसा सुप्रजाजननवाल्याचा, पण रीड यांनी वाट धरली ती निराळी.

त्यांच्याकडे साधी माणसे येत. प्रश्न बहुधा एकच : 'आमचे एक मूल असे निघाले; दुसरेही तसेच होईल का?' रीड यांनी या कामाला 1947 साली 'आनुवंशिक सल्ला' अशा अर्थाचे नाव दिले. त्यांचे म्हणणे असे, की सल्लागाराला शास्त्र पक्के ठाऊक हवे, माहीत असलेले सत्य त्याने पुरते सांगावे आणि समोरच्याच्या भावनांचा मान राखावा. निर्णय मात्र आईबापांचा. 1955 साली त्यांनी या विषयावर पुस्तकही लिहिले.

पुढे पोटातल्या बाळाची परीक्षा शक्य झाली. 1956 साली डेन्मार्कच्या डॉक्टरांनी गर्भजलातील पेशींवरून बाळाचे लिंग ओळखता येते, असे दाखवले. 1959 साली फ्रान्समध्ये डाउन्स विकाराचे कारण, म्हणजे 21 व्या गुणसूत्राची एक जादा प्रत, प्रसिद्ध झाले. 1966 साली गर्भजलातील पेशी वाढवून गुणसूत्रे तपासता येऊ लागली.

आता आपल्याकडे वळू. ही परीक्षा आजार ओळखण्यासाठी निघाली. आपण तिचा उपयोग मुलगी ओळखण्यासाठी केला. सल्ला देणारे कुणी नव्हते, आणि हुकूम होता तो घराण्याला वारस हवा म्हणणाऱ्यांचा. स्त्री-संघटना आणि काही डॉक्टर यांनी आवाज उठवला. 1988 साली महाराष्ट्राने या परीक्षांवर निर्बंध घालणारा देशातला पहिला कायदा केला. देशाचा कायदा 1994 साली झाला. तरीही राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली 1991 साली 946 होत्या, त्या 2011 साली 894 वर आल्या. नुसत्या कायद्याने मन पालटत नाही.

म्हणून शिक्षकबंधूंना नि भगिनींना एक काम सुचवतो. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेलचा आजार पुष्कळ आढळतो. तो समजावताना फळ्यावर चिठ्ठ्या काढा. आईजवळ दोन चिठ्ठ्या, बापाजवळ दोन; दोघांचीही एकेक चिठ्ठी डागी. अशांना म्हणायचे वाहक. ते स्वतः सहसा आजारी नसतात. मूल प्रत्येकाकडून एक चिठ्ठी उचलते. दोन्ही डागी आल्या तरच आजार. म्हणजे चारांत एक वेळ. पण नीट लक्षात घ्या, चिठ्ठ्या दर खेपेला नव्याने उचलल्या जातात. पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन सुटली, असे मुळीच नाही.

आणि पाहा, यात डागी चिठ्ठी एकट्या आईची नाही. तरी बोल लागतो तो सुनेलाच! एखादी मुलगी वाहक निघाली म्हणून तिचे लग्न मोडण्याचेही कारण नाही. दोघांनी आधी रक्त तपासावे, दोघेही वाहक असतील तर जाणत्या डॉक्टरांकडून सगळी माहिती घ्यावी आणि मग आपले आपण ठरवावे.

ज्ञान हातात आले की हुकूम सोडण्याचा मोह होतो. तो आवरून शेजारी बसणे, समजेल असे सांगणे आणि मग गप्प राहणे, एवढे आपल्याला साधले तरी पुष्कळ झाले.