५ जानेवारी : गारंबीच्या बापूचा जन्मदाता

कादंबरीकार श्री. ना. पेंडसे यांचा आज जन्मदिन. १९१३ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यात, मुर्डी गावी ते जन्मले. पुढे नोकरी केली ती मुंबईच्या ‘बेस्ट’मध्ये, लिहिलं मात्र हर्णै-दापोलीच्या पट्ट्यावर. ‘रथचक्र’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ‘तुंबाडचे खोत’ने दोन खंड व्यापले, तरी सामान्य वाचकाच्या तोंडी नाव राहिलं ते बापूचंच.

‘गारंबीचा बापू’ १९५२ ची. पाणक्याचा हा पोर उनाड, तोंडाळ, कुणाला न जुमानणारा. गावात पत अण्णा खोतांची आणि बापूचा जीव जडला रावजीच्या हॉटेलातल्या राधेवर! ब्राह्मणाच्या मुलाने असं उघड नातं जोडायचं म्हणजे त्या काळी गाव अंगावर घेणंच. बापूने ते घेतलं. दिनकरसारखा मित्र पाठीशी होता. पण जात, घर आणि राधा यांतलं काय धरायचं, हे बापूलाच ठरवायचं होतं. पुढे सुपारीच्या व्यापारात तो वर आला. पैसा आल्यावर गावाची भाषा कशी मवाळ होते, हे पेंडशांनी फार मिश्कीलपणे टिपलं आहे.

कादंबरीचं नाटक झालं, १९८० मध्ये चित्रपटही आला. दोन्हींत बापू रंगवला डॉ. काशिनाथ घाणेकरांनी. तेही याच जिल्ह्यातले, चिपळूणचे, पेशाने दंतवैद्य. बापूची मग्रुरी त्यांना वेगळी शिकावी लागली नसणार. पेंडशांनी १९९३ मध्ये ‘गारंबीची राधा’ लिहून तिचीही बाजू मांडली. २००७ मध्ये त्यांचं निधन झालं.